मातृभाषेचा रकाना कोण भरतं?

तुमच्या प्रश्नावलीत 'मातृभाषा' असा एकच रकाना असेल, तर छापायला टाकण्याआधी हे वाचा.

आरे कॉलनीतल्या एका पाड्यावर मी मुलांना कॉलेजचे अर्ज भरायला मदत करत होते. 1949 साली दूध वसाहत आली, त्याआधीपासूनचे हे पाडे. तबेल्यांबरोबर उत्तरेकडचे कामगार आले आणि हिंदीही आली. तिथली एक मुलगी आजीशी वारली बोलते, शाळा मराठीतून, मैत्रिणींशी हिंदी. रकान्यात तिने जराही न थांबता 'मराठी' लिहिलं. का? तर "दाखल्यावर तेच आहे ना!" दाखल्यावर ते पहिलीत नाव घालताना लिहिलं गेलं होतं. तिला कुणी विचारलंच नव्हतं.

हा घोळ जुना आहे. 1881 च्या जनगणनेत मातृभाषा विचारली, 1891 ला आईवडिलांची भाषा, 1901 ला एरवी वापरातली. प्रयोगशाळेत मोजपट्टी मध्येच बदलली तर ते आकडे एका आलेखावर मांडू देईल का कुणी? 2011 ची व्याख्या अशी: लहानपणी आई तुमच्याशी बोलायची ती भाषा. ती एकच. बाकी येणाऱ्या भाषा पुढच्या प्रश्नात, त्याही फार तर दोन. दोन भाषा एकदमच कानावर पडलेल्या पोराने काय करायचं?

वारलीची गंमत तर बघा. ग्रिअर्सनच्या भाषा सर्वेक्षणात ती मराठीच्या खंडात आहे (1905). 2011 च्या जनगणनेत तीच 'भिली/भिलोडी' गटात मोजली आहे. म्हणजे 'मराठी' लिहिलं तर ही मुलगी आठव्या अनुसूचीच्या आत, 'वारली' लिहिलं तर बाहेर!

शिवाय या रकान्यावर जागा अवलंबून असतात. टी. एम. ए. पै खटल्यात (2002) सर्वोच्च न्यायालयाने भाषिक अल्पसंख्याक राज्यनिहाय ठरवायचे असं सांगितलं. त्यामुळे महाराष्ट्रात गुजराती, सिंधी, हिंदी भाषकांच्या संस्था आहेत आणि त्यांच्या कॉलेजांत त्या भाषकांसाठी राखीव जागा. घरी गुजराती आणि मराठी दोन्ही बोलणारा मुलगा अर्जात 'गुजराती' लिहितो. मला त्यात लबाडी दिसत नाही. दोन खऱ्या उत्तरांतलं कामाचं उत्तर तो देतो. या मुलीचं आरक्षण मात्र जमातीच्या दाखल्यावर चालतं, भाषेवर नाही. 'वारली' लिहून तिच्या हाती काय पडणार?

माझा विषय विज्ञान शिक्षण. पहिल्या फेरीत मी अर्जांवरूनच भाषांचा तक्ता केला होता आणि खूश होते. नंतर कळलं, मी दाखले मोजले होते, भाषा नाही. तक्ता रद्द. दुसऱ्या फेरीत तीन प्रश्न ठेवले: आजीशी कोणती भाषा, वर्गात कोणती, भांडताना कोणती?

पहिल्यापुढे तिने 'वारली' लिहिलं, दुसऱ्यापुढे 'मराठी'. तिसऱ्यापुढे 'हिंदी', आणि बाजूला बारीक अक्षरात, 'भावाशी असेल तर वारली'.