नारू, पायविहीर आणि स्वच्छतेची सवय : एका हद्दपार रोगाच्या इतिहासाचा पुनर्विचार

प्रस्तावना

वैयक्तिक आरोग्य आणि स्वच्छतेच्या सवयींचा इतिहास आपल्याकडे बहुधा उपदेशाचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. एकोणिसाव्या शतकातील सरकारी आरोग्य-अहवाल, शालेय क्रमिक पुस्तकांतील आरोग्यविषयक पाठ, सुधारकांची व्याख्याने आणि विसाव्या शतकातील गाडगे महाराजांची कीर्तने ही या इतिहासाची नेहमीची साधने होत. या मांडणीमागे एक गृहीतक असते. लोक अज्ञानी होते, म्हणून त्यांच्या सवयी वाईट होत्या. त्यांना ज्ञान मिळाले आणि सवयी सुधारल्या, असे ते गृहीतक होय. हे गृहीतक कितपत टिकते, हे तपासण्यासाठी प्रस्तुत लेखात नारू या रोगाचा विचार केला आहे. नारूवर लस नव्हती आणि आजही नाही. त्याच्यावर गुणकारी औषधही सापडले नाही. तरीही हा रोग भारतातून पूर्णपणे नाहीसा झाला. पाणी भरण्याच्या आणि पिण्याच्या सवयी बदलल्या म्हणूनच हे घडले. त्यामुळे सवय नेमकी कशामुळे बदलते, या प्रश्नाचा अभ्यास करण्यास नारूइतके स्वच्छ उदाहरण क्वचितच मिळेल.

रोगाचे चक्र

नारू हा दोऱ्यासारखा लांब कृमी आहे. त्याच्या पूर्ण वाढलेल्या मादीची लांबी सुमारे एक मीटरपर्यंत जाते. शास्त्रीय परिभाषेत त्यास 'ड्रॅकनक्युलस मेडिनेन्सिस' म्हणतात. त्यातील दुसरा शब्द मदिना या नगरावरून आला आहे. उत्तरकालीन आयुर्वेदीय ग्रंथांत, विशेषतः सोळाव्या शतकातील 'भावप्रकाशा'त, या रोगाचे वर्णन 'स्नायुक' या नावाने आढळते.

मनुष्याने दूषित पाणी प्यायल्यावर साधारणपणे वर्षभर काहीच लक्षण दिसत नाही. त्यानंतर बहुधा पावलावर वा पोटरीवर फोड येतो, आग होते आणि फोड फुटून कृमीचे टोक बाहेर डोकावते. ही आग शमविण्यासाठी रुग्ण पाय पाण्यात बुडवितो आणि त्याच क्षणी मादी हजारो अळ्या पाण्यात सोडते. पाण्यातील सायक्लॉप्स नावाचे, डोळ्यांना जेमतेम ठिपक्याएवढे दिसणारे जीव त्या अळ्या गिळतात. सुमारे दोन आठवड्यांत अळ्या संसर्गक्षम होतात. असे पाणी दुसऱ्या कोणी प्यायले की जठररसाने सायक्लॉप्स मरतो, अळ्या मात्र मोकळ्या होतात आणि चक्र पुन्हा सुरू होते. एकदा नारू होऊन गेल्याने प्रतिकारशक्ती येत नाही. त्याच माणसास पुढल्या वर्षी पुन्हा नारू होऊ शकतो.

उपचार म्हणजे बाहेर आलेले टोक काडीवर गुंडाळून रोज थोडेथोडे ओढून काढणे एवढाच होता. त्यास कित्येक दिवस, कधी कित्येक आठवडे लागत. मध्येच कृमी तुटला तर पाय सुजून माणूस अंथरुणास खिळे. विहिरींचे पाणी खोल जाते त्या उन्हाळ्याच्या महिन्यांत आपल्याकडे या रोगाचा जोर असे. म्हणजे खरिपाच्या मशागतीच्या आणि पेरणीच्या तोंडावरच घरातील कर्ता माणूस अथवा पाणी भरणारी स्त्री निकामी होत असे. नारूने मृत्यू क्वचितच ओढवे. परंतु एका हंगामाचे पीक तो बुडवू शकत असे.

ज्ञान आणि त्याचा उपयोग

सायक्लॉप्स आणि नारू यांचा संबंध रशियन निसर्गशास्त्रज्ञ अलेक्सेई फेडचेन्को याने तुर्कस्तानात १८७० च्या सुमारास दाखवून दिला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात रॉबर्ट लीपर याने प्रयोगांद्वारे या साखळीतील पुढील दुवे स्पष्ट केले. आपल्या देशातही या विषयावर काम झाले. तत्कालीन म्हैसूर संस्थानातील चित्रदुर्ग परिसरात व्ही. एन. मूर्ती यांनी १९३० च्या दशकात विहिरींत सायक्लॉप्स खाणारे मासे सोडून नारू आटोक्यात आणण्याचे प्रयोग केले.

तात्पर्य, रोग कसा पसरतो हे १८७० पासून आणि तो कसा रोखावा हे निदान १९३० च्या दशकापासून ठाऊक होते. भारतातील राष्ट्रीय नारू निर्मूलन कार्यक्रम मात्र १९८३-८४ मध्ये सुरू झाला. या शतकभराच्या अंतराचे स्पष्टीकरण ज्ञानाच्या अभावाने देता येत नाही. ते अन्यत्र, म्हणजे पाणवठ्याच्या रचनेत आणि पाणवठ्याभोवतीच्या समाजव्यवस्थेत शोधावे लागते.

शुचिता आणि स्वच्छता

दख्खनच्या पठारावर पाण्याची साधने प्रामुख्याने दोन प्रकारची होती. एक आड, म्हणजे अरुंद, काठ बांधलेली विहीर. तीतून दोर आणि पोहऱ्याने पाणी शेंदून काढावे लागे. दुसरी बारव अथवा पायविहीर. तिच्या पायऱ्या थेट पाण्यापर्यंत उतरतात. कमी पावसाच्या प्रदेशात पायविहिरीचे उपयोग अनेक होते. पाण्याची पातळी कितीही खाली गेली तरी पायऱ्या उतरून तेथवर पोहोचता येई. लांब दोराची गरज पडत नसे. वाटसरूस सावली आणि विसावा मिळे. अहिल्याबाई होळकरांसारख्या राज्यकर्त्यांनी विहिरी व बारवा बांधणे हे पुण्यकर्म मानले, ते यथार्थच होते.

परंतु पायविहिरीत माणसाचा पाय आणि पिण्याचे पाणी यांची गाठ पडते. स्त्रिया घोटाभर, कधी गुडघाभर पाण्यात उभ्या राहून घागर बुडवीत. पाणी घेण्यापूर्वी हातपाय धुणे, चूळ भरणे हा तर शिष्टाचारच होता. येथे एक विसंगती नजरेस येते. पाय धुऊन पाण्यास स्पर्श करणे हे परंपरेच्या दृष्टीने शुचितेचे लक्षण; नारूच्या दृष्टीने मात्र प्रसाराची तीच वेळ. जी कृती करणारा स्वतःस स्वच्छ समजत होता, त्याच कृतीने पाणी दूषित होत होते. त्यास गलिच्छ वा आळशी म्हणणे इतिहासदृष्ट्या चुकीचे ठरेल.

उलटपक्षी, परंपरेतच या रोगावरील एक उपाय उपलब्ध होता, हेही नमूद केले पाहिजे. पाणी वस्त्राने गाळून प्यावे, असा नियम मनुस्मृतीत संन्याशाच्या आचारधर्मात आढळतो. जैन कुटुंबांत तो गृहस्थाच्याही नित्याचाराचा भाग आहे. त्यामागील हेतू जीवहिंसा टाळण्याचा होता, रोगनिवारणाचा नव्हता. तथापि दुहेरी फडक्यातून गाळलेल्या पाण्यात सायक्लॉप्स राहत नाही, हे भौतिक सत्य हेतूवर अवलंबून नाही. म्हणून 'परंपरा विरुद्ध विज्ञान' अशी सरळ विभागणी या विषयात उपयोगी पडत नाही. एकाच परंपरेत रोग पसरविणारी आणि रोखणारी अशा दोन्ही सवयी शेजारी शेजारी नांदत होत्या.

पाणवठा कोणाचा?

शुचितेच्या कल्पनेचा दुसरा, अधिक कठोर पैलू जातिव्यवस्थेचा आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८६८ मध्ये आपल्या घराजवळील पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. मुंबई विधिमंडळात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याविषयी बोले यांचा ठराव १९२३ मध्ये संमत झाला. त्या आधारे महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले. प्रत्यक्षात मात्र २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारो अनुयायांसह तेथे जाऊन पाणी प्यावे लागले. त्यानंतर सनातन्यांनी त्या तळ्याचे शेण, गोमूत्र, दूध, दही यांनी 'शुद्धीकरण' केले. या तळ्याचा न्यायालयीन निर्णय लागण्यास १९३७ साल उजाडले.

महाडचा सत्याग्रह हा मानवी समतेचा लढा होता. त्यास आरोग्याचा लढा म्हणणे त्याचे महत्त्व उणावण्यासारखे होईल. परंतु आरोग्याच्या इतिहासकाराने त्यातून एक गोष्ट शिकावी. पाणी कशाने बाटते, याविषयीची समाजाची धारणा आणि पाणी कशाने दूषित होते, याविषयीचे वास्तव यांत केवढे अंतर असू शकते, हे या घटनेत उघड दिसते. माणसाच्या स्पर्शाने पाणी बाटते असे मानणारा समाज त्याच पाण्यात शेण मिसळण्यास शुद्धी म्हणत होता. ज्यांना विहिरीचा अधिकारच नव्हता, त्यांना नदीचा झरा, डबके अथवा कोणी वरून ओतेल ते पाणी यांवर भागवावे लागे. अशा माणसास 'स्वच्छ पाणी प्या' असा उपदेश करणे निरर्थक होते. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १५ मध्ये विहिरी, तलाव आणि स्नानघाट यांचा स्पष्ट उल्लेख करून भेदभावास मनाई केली आहे. हे कलम सामाजिक न्यायाचे आहेच. सार्वजनिक आरोग्याचेही ते एक पायाभूत कलम मानावयास हवे.

बुखाऱ्याचा अनुभव

पाणवठ्याची रचना बदलल्याने नारू जातो, याचा पहिला मोठा पुरावा मध्य आशियात मिळाला. बुखारा शहरात 'हौज' नावाचे पायऱ्यांचे दगडी तलाव पाणीपुरवठ्याचे मुख्य साधन होते आणि नारूचे ते आगर होते. एल. एम. इसायेव यांच्या नेतृत्वाखाली १९२० च्या दशकात सोव्हिएत आरोग्य-यंत्रणेने हे तलाव उपसले, अनेक बुजविले, शहरास नळाचे पाणी दिले आणि रुग्णांची नोंद ठेवली. १९३० च्या दशकाच्या आरंभी तेथील नारू संपला. आपल्याच प्रकारच्या पायऱ्या, आपल्याच प्रकारचा रोग आणि औषधाविना मिळालेले यश ही साम्ये भारतीय अभ्यासकांच्या दृष्टीने लक्षणीय आहेत.

भारतातील निर्मूलन

१९७२-७३ च्या भीषण दुष्काळाने महाराष्ट्रातील पिण्याच्या पाण्याचा प्रश्न ऐरणीवर आणला. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची स्थापना याच काळातील. खोल कूपनलिका खोदण्याची यंत्रे आली; तथापि घरगुती वापराचे ओतीव लोखंडी पंप गावाच्या रोजच्या वापराखाली लवकर मोडत. या अडचणीवर जालना आणि सोलापूर येथे विकसित झालेल्या मजबूत हातपंपांनी मार्ग दाखविला. पुढे सत्तरच्या दशकात भारत सरकार व युनिसेफ यांच्या सहभागाने 'इंडिया मार्क टू' हा पंप तयार झाला, त्याची मूळ कल्पना सोलापूरच्या पंपावर आधारलेली होती. मराठी मुलखातील कारागिरीचे नारूच्या इतिहासातील हे योगदान क्वचितच सांगितले जाते.

निर्मूलन कार्यक्रमाच्या आरंभी, १९८४ मध्ये, सात राज्यांतील ८९ जिल्ह्यांत आणि १२,८४० गावांत मिळून सुमारे ४०,००० रुग्ण नोंदले गेले. महाराष्ट्र या सात राज्यांपैकी एक होता. कार्यक्रमाची अंगे पुढीलप्रमाणे होती : घरोघर जाऊन रुग्णांचा शोध घेणे, पायविहिरींच्या पायऱ्या बंद करून, काठ बांधून त्यांचे शेंदण्याच्या विहिरींत रूपांतर करणे, हातपंप बसविणे, पाण्यात टेमेफॉस हे सायक्लॉप्सनाशक औषध ठरावीक मात्रेत टाकणे, आणि पाणी गाळण्यासाठी फडकी व गाळणी देऊन त्यांचा वापर समजावून सांगणे. यातील शेवटचे अंग तेवढे उपदेशाचे होते. तेही नुसत्या उपदेशाचे नव्हते, कारण त्यासोबत गाळणी हातात दिली जात होती.

भारतातील अखेरचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानातील जोधपूर जिल्ह्यात आढळला. फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त असल्याचे प्रमाणित केले. देवीनंतर या देशातून हद्दपार झालेला हा दुसरा रोग होय. जागतिक पातळीवर १९८६ मध्ये वर्षाला सुमारे ३५ लाख लोकांना नारू होत असल्याचा अंदाज होता. २०२३ मध्ये जगभरात अवघे १४ मानवी रुग्ण नोंदले गेले. आफ्रिकेतील चाडसारख्या देशांत कुत्र्यांमध्ये आढळणाऱ्या संसर्गामुळे अखेरचा टप्पा मात्र लांबला आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून तीन निष्कर्ष काढता येतात. पहिला, आरोग्याची सवय ही केवळ व्यक्तीच्या मनात वसत नाही; ती पायरी, काठ, दोर, पंप आणि गाळणे या वस्तूंच्या आधाराने टिकते व त्यांच्यासोबत बदलते. विहिरीस काठ बांधला की पाण्यात पाय घालण्याची सवय मोडण्यासाठी वेगळे व्याख्यान लागत नाही. दुसरा, शुचिता आणि स्वच्छता या दोन भिन्न संकल्पना असून त्यांची गल्लत केल्यास एकीकडे परंपरेचा अवास्तव गौरव होतो, तर दुसरीकडे सामान्य माणसाची अवास्तव निंदा होते. तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा, ज्यास पाण्याचा अधिकार नाही त्यास स्वच्छतेच्या सवयीबद्दल जबाबदार धरता येत नाही.

या निष्कर्षांना वर्तमानाचाही संदर्भ आहे. अलीकडच्या वर्षांत महाराष्ट्रात जुन्या बारवांतील गाळ काढून त्यांचे जतन करण्याचे स्तुत्य प्रयत्न होत आहेत. त्यांचे स्थापत्य आणि जलसंधारणातील स्थान पाहता हे कार्य आवश्यकच आहे. मात्र त्यांचा इतिहास शिकविताना बांधणाऱ्याचे पुण्य आणि शिल्पाचे सौंदर्य यांच्याबरोबरच त्या पायऱ्यांवरून उतरलेल्या, आणि उतरू न दिलेल्या, माणसांच्या आरोग्याचीही नोंद घेतली जावी. महाविद्यालयीन पातळीवर स्थानिक इतिहासाचे प्रकल्प हाती घेताना गावातील वृद्धांकडून नारूच्या आठवणी संकलित करणे अद्याप शक्य आहे. हा रोग प्रत्यक्ष पाहिलेली पिढी आता उतारवयात आहे. म्हणून हे काम लांबणीवर टाकणे योग्य होणार नाही.