रात्रभर जागणारा संगणक

आमच्याकडे पहिला संगणक आला २००४ साली. जोडून देणाऱ्या मुलानं जाताना बजावलं, "सर, सारखा चालू-बंद करू नका हं, लवकर खराब होतो. रात्री नुसता मॉनिटर बंद करत जा." मी मराठी घेऊन बी.ए. झालेला, यंत्राच्या बाबतीत विशीतला पोरगाही माझा गुरू! दोन वर्षं इमानेइतबारे पाळलं. वीजबिल आलं की सौ. कुरकुर करायची, तेवढंच.

२००६ च्या मे महिन्यात शाळेच्या स्मरणिकेसाठी एका वयोवृद्ध गुरुजींच्या आठवणी टंकत होतो. त्यांनी तोंडी सांगितलेल्या, ऐकता ऐकता टिपलेल्या. संगणक चालूच राहणार, म्हणून फाइल तशीच उघडी ठेवून झोपलो. पहाटे वीज गेली. 'सेव्ह' केलेलं पहिलं दीड पान तेवढं उरलं. पुन्हा त्यांच्याकडे गेलो, पण त्यांना आता ते धड आठवेना.

हा सल्ला मुळात आला कुठून, हे शोधायचा नाद मला तेव्हापासून लागला.

१९४६ मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाला जगापुढे आलेल्या 'एनियॅक'मध्ये सुमारे अठरा हजार व्हॉल्व्ह होते. (आपल्या जुन्या रेडिओत असत तेच. लावल्यावर आवाज यायला वेळ लागायचा, आठवतं?) व्हॉल्व्ह तापताना आणि निवताना त्यावर ताण येतो, आणि बहुधा तेव्हाच तो उडतो. अठरा हजारांतला एक उडाला तरी गणित बिघडणार! म्हणून ते यंत्र सहसा बंदच करत नसत. दीडशे किलोवॅट वीज खाई, तरीही. म्हणजे तिथं हा सल्ला बावनकशी खरा होता. आपल्या मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली सुरू झालेला 'टिफ्रॅक'ही व्हॉल्व्हचाच.

पुढे ट्रान्झिस्टर आले, चिप आली, व्हॉल्व्ह गेले. मग हार्ड डिस्कची भीती. १९८३ च्या आयबीएम एक्सटीच्या काळात यंत्र हलवण्याआधी डिस्कचं हेड सुरक्षित जागी नेऊन ठेवायची आज्ञा द्यावी लागे. नंतरच्या डिस्क ते आपोआप करू लागल्या. आणि १९९२ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण खात्यानं 'एनर्जी स्टार' सुरू केलं, ते प्रथम संगणक आणि मॉनिटरसाठीच. कारण ती यंत्रं काम नसताना नुसती वीज खात बसत. म्हणजे आमचा संगणक घरी यायच्या बारा वर्षं आधी! दीडशे वॅट धरले तर दहा तासांच्या रात्रीला दीड युनिट. सौ.ची कुरकुर रास्त होती म्हणायची.

त्या मुलावर मात्र राग नाही. त्याला त्याच्या उस्तादानं सांगितलं असणार, उस्तादाला आणखी कोणी. मीही वर्गात वर्षानुवर्षं काय काय ऐकीव सांगितलं असेन, देव जाणे.

असो. स्मरणिकेत गुरुजींच्या आठवणी दीडच पान आहेत. त्या रात्री सहा झाली होती.