विदर्भ रणजी संघ : खेळाडूंची आवकजावक आणि नवी फळी

विदर्भ क्रिकेट असोसिएशनच्या (व्हीसीए) वतीने रणजी करंडकात खेळणारा संघ. केंद्र नागपूर, मैदाने दोन, सिव्हिल लाइन्सचे जुने आणि २००८ पासून वर्धा मार्गावरील जामठ्याचे नवे. १९५७-५८ पासून या नावाने रणजी खेळणाऱ्या संघाला पहिला करंडक मिळायला २०१७-१८ चा हंगाम उजाडावा लागला. त्यानंतर २०१८-१९ आणि २०२४-२५ असे आणखी दोन करंडक आले. या बदलात दोन हंगामांच्या मधल्या महिन्यांत झालेल्या निर्णयांचा वाटा मोठा आहे. कोणाला बोलवायचे, कोणाला जाऊ द्यायचे आणि गावच्या कोणत्या पोराला उतरवायचे, हे तेव्हाच ठरते.

रणजीत आयपीएलसारखा लिलाव नसतो. मार्चमध्ये हंगाम संपला की हालचाल सुरू होते आणि पावसाळ्यात ती पक्की होते. संघ बदलू पाहणाऱ्या खेळाडूने आधी आपल्या संघटनेकडून ना हरकत प्रमाणपत्र घ्यायचे, मग नव्या संघटनेशी करार करायचा. अशा बाहेरच्या खेळाडूला ‘व्यावसायिक’ किंवा ‘पाहुणा’ म्हणतात आणि एका संघाला असे तीनच घेता येतात. त्यामुळे प्रत्येक पाहुण्याची निवड जपून करावी लागते. चुकीचा माणूस आला तर पैसा जातो आणि एका स्थानिक मुलाची जागाही अडते.

विदर्भाने बराच काळ मुख्यतः जावकच पाहिली. त्याचे सर्वांत जुने उदाहरण सी. के. नायडू. भारताचे पहिले कसोटी कर्णधार १८९५ मध्ये नागपुरात जन्मले, पण त्यांची कर्मभूमी ठरली होळकरांचे इंदूर. १९९० च्या दशकात भारताकडून एकदिवसीय सामने खेळलेला नागपूरचा वेगवान गोलंदाज प्रशांत वैद्य बंगालकडूनही रणजी खेळला. येथे राहून कसोटी खेळता येते हे उमेश यादवने २०११ मध्ये दाखवले. कोळसा खाणीत काम करणाऱ्या बापाचा हा मुलगा विदर्भाचा पहिला कसोटीपटू ठरला.

आवकीला खरी दिशा २०१४ नंतर मिळाली. २०१४-१५ च्या हंगामासाठी तमिळनाडूचा सुब्रमण्यम बद्रीनाथ आणि कर्नाटकाचा गणेश सतीश आले. पुढच्या वर्षी मुंबईचा वसीम जाफर आला. २०१७ मध्ये प्रशिक्षक म्हणून चंद्रकांत पंडित आले आणि संघाला शिस्तीचे वळण लागले. जाफर तेव्हा चाळिशीला टेकला होता. इतर संघांना तो ओसरलेला वाटत असेल, विदर्भाला मात्र डाव कसा बांधायचा हे तरुणांना रोज समोर दिसावे म्हणून तो हवा होता. त्याने धावांचीही कमतरता ठेवली नाही. २०१८ च्या इराणी करंडकात जामठ्यावर २८६ आणि २०१८-१९ च्या रणजी हंगामात १,०३७. पाहुणा कसा असावा याचे मोजमाप विदर्भात आजही जाफरवरूनच होते.

पहिल्या करंडकाच्या वाटेवर पाहुण्यांइतकीच घरची मुले चमकली. कोलकात्याला उपांत्य सामन्यात कर्नाटकाविरुद्ध संघ अवघ्या ५ धावांनी जिंकला. रजनीश गुरबानीने दुसऱ्या डावात ६८ धावांत ७ बळी घेतले. इंदूरच्या अंतिम सामन्यात दिल्लीविरुद्ध त्याने हॅट्‌ट्रिक केली. अक्षय वाडकरने १३३ धावा करून आपले पहिले प्रथमश्रेणी शतक झळकावले, आणि फैज फझलच्या नेतृत्वाखाली १ जानेवारी २०१८ रोजी विदर्भ ९ गडी राखून विजेता झाला. सी. के. नायडूंच्या इंदुरात, होळकरांच्या नावाच्या मैदानावर, हे विशेष. पुढच्या वर्षी जामठ्यावर सौराष्ट्राला ७८ धावांनी हरवताना डावखुऱ्या आदित्य सरवटेने सामन्यात ११ बळी घेतले.

पुढची मोठी आवक २०२३ मधली. ती वाचताना २०१७-१८ ची धावपत्रके शेजारी ठेवावीत. करुण नायरने त्या उपांत्य सामन्यात कर्नाटकाकडून विदर्भाविरुद्ध १५३ धावा केल्या होत्या, तर ध्रुव शोरीने अंतिम सामन्यात दिल्लीकडून १४५. गुरबानीच्या हॅट्‌ट्रिकचा तिसरा बळीही शोरीच. दोघांनाही विदर्भाने आपल्याकडे आणले. इंग्लंडविरुद्ध कसोटीत नाबाद ३०३ धावा करणाऱ्या नायरला तेव्हा कर्नाटकाच्या संघात जागा उरली नव्हती. २०२४-२५ मध्ये त्याने रणजीत ८६३ आणि विजय हजारे स्पर्धेत ७७९ धावा केल्या आणि २०२५ मध्ये तो भारताच्या कसोटी संघात परतला. गरजू संघ आणि गरजू खेळाडू यांची इतकी चोख गाठ देशी क्रिकेटमध्ये क्वचितच पडते.

त्याच सुमारास जावकही झाली. फझल २०२४ च्या आरंभी निवृत्त झाला. २०२४-२५ च्या आधी गुरबानी महाराष्ट्राकडे आणि सरवटे केरळकडे गेला. दोन करंडकांचे हे शिलेदार गेल्याची हळहळ होती आणि ती रास्तच होती. पण सरवटेच्या जागी डावखुरा फिरकी गोलंदाज हर्ष दुबे पुढे आला, आणि त्याने त्या हंगामात ६९ बळी घेऊन एका रणजी हंगामातील सर्वाधिक बळींचा विक्रम केला. शिवाय ४७६ धावा. जामठ्याच्या अंतिम सामन्यात समोर केरळच होता आणि सरवटेने आपल्या जुन्या संघाविरुद्ध ७९ धावा काढल्या. सामना अनिर्णित राहिला. पहिल्या डावातील ३७ धावांच्या आघाडीवर वाडकरच्या विदर्भाने तिसरा करंडक घेतला.

नव्या फळीत सर्वांत भरवशाचा दानिश मालेवार. पदार्पणाच्या हंगामातच ७८३ धावा, आणि अंतिम सामन्यात ३ बाद २४ अशा पडझडीत येऊन १५३. नायरबरोबरची त्याची २१५ धावांची भागीदारी पाहिली की पाहुणा कशासाठी आणायचा ते कळते. यश राठोडने त्या हंगामात ९६० धावा केल्या आणि पुढे दुलीप करंडकाच्या अंतिम सामन्यात मध्य विभागाकडून १९४. अकोल्याचा अथर्व तायडे सलामीला, पार्थ रेखडे दुबेच्या जोडीला फिरकीत. रेखडेने मुंबईविरुद्धच्या उपांत्य सामन्यात रहाणे, सूर्यकुमार आणि शिवम दुबे यांना एकाच षटकात बाद केले. काळजी आहे ती वेगवान माऱ्याची. यश ठाकूर, नचिकेत भुते आणि वर्ध्याचा दर्शन नळकांडे गुणी आहेत, पण उमेश आणि गुरबानी यांच्या वेळचा धाक अजून निर्माण व्हायचा आहे. व्हीसीएने पुढचा पाहुणा आणायचा तर तो फलंदाज नसावा, अनुभवी वेगवान गोलंदाज असावा. नागपूरच्या गुझदर लीगमधून आणि जिल्ह्यांतून येणाऱ्या मुलांना त्याच्याकडून शिकता येईल.

२०२५ च्या पावसाळ्यात नायर कर्नाटकाला परतला आणि अमरावतीचा जितेश शर्मा बडोद्याकडे गेला. त्यानंतर ऑक्टोबरमध्ये जामठ्यावर विदर्भाने शेष भारताचा ९३ धावांनी पराभव करून तिसऱ्यांदा इराणी करंडक जिंकला.