मॅगझीन क्षमता मर्यादा आणि छुप्या पिस्तुलाची निवड (अमेरिका)

बंदुकीच्या एका मॅगझीनमध्ये जास्तीत जास्त किती काडतुसे असावीत, यावर कायद्याने घातलेल्या बंधनास मॅगझीन क्षमता मर्यादा असे म्हणतात. अमेरिकेत असे बंधन आज संपूर्ण देशाला लागू नाही; ते काही राज्यांत असून त्यांपैकी बहुतेक ठिकाणी मर्यादा १० काडतुसांची आहे. स्वसंरक्षणासाठी कपड्यांखाली दिसणार नाही अशा रीतीने पिस्तूल बाळगण्याचा परवाना असलेल्या नागरिकाच्या निवडीवर या मर्यादेचा थेट परिणाम होतो. मोठ्या पिस्तुलात अधिक काडतुसे मावतात हा त्याचा मुख्य लाभ मर्यादेमुळे नाहीसा होतो. मग आकार, वजन आणि हाताळणी हे निकष पुढे येतात.

संकल्पना

स्वयंभरण पिस्तुलातील काडतुसे मुठीत बसणाऱ्या मॅगझीन नावाच्या पेटीत एकावर एक रचलेली असतात. ती एका रांगेत असल्यास मूठ चपटी राहते, पण क्षमता साधारणतः ६ ते ८ इतकीच असते. दोन रांगांत एकाआड एक रचल्यास क्षमता १५ किंवा त्याहून अधिक होते, मात्र मूठ जाड होते. नळीच्या मागील कक्षात आणखी एक काडतूस ठेवता येते. मर्यादा सामान्यतः मॅगझीनला लागू असते, कक्षाला नाही. म्हणून १० च्या मर्यादेतही पिस्तुलात एकूण ११ काडतुसे असू शकतात. पाच किंवा सहा काडतुसांच्या रिव्हॉल्व्हरवर या कायद्यांचा व्यवहारात परिणाम होत नाही.

इतिहास

मर्यादेची कल्पना केवळ शस्त्रविरोधकांकडून आलेली नाही. १९८९ मध्ये शस्त्रनिर्माते विल्यम रुगर यांनी अमेरिकी काँग्रेसच्या सदस्यांना पत्र लिहून विशिष्ट बंदुकांवर बंदी घालण्याऐवजी मॅगझीनची क्षमता १५ पर्यंत मर्यादित करावी, असे सुचविले होते. १३ सप्टेंबर १९९४ रोजी लागू झालेल्या संघीय कायद्याने १० हून अधिक काडतुसांची नवी मॅगझीन नागरिकांना विकण्यास मनाई केली. त्या दिवसापूर्वी बनलेली मॅगझीन मात्र वैध राहिली. या कायद्याची मुदत दहा वर्षांची होती आणि तिचे नूतनीकरण न झाल्याने १३ सप्टेंबर २००४ रोजी तो संपुष्टात आला.

याच काळात अनेक राज्यांनी छुपे शस्त्र बाळगण्याचे परवाने सुलभ केले. फ्लोरिडाने १९८७ मध्ये, तर टेक्सासने १९९५ मध्ये तसा कायदा केला. एकीकडे परवानाधारक वाढत होते आणि दुसरीकडे मोठ्या मॅगझीनवर बंदी होती. अशा स्थितीत दहा काडतुसे मावतील एवढेच पिस्तूल बनविणे निर्मात्यांना सोयीचे ठरले. १९९५ मध्ये आलेले ९ मि.मी. कॅलिबरचे ग्लॉक २६ हे त्याचे ठळक उदाहरण होय. त्याची मूठ आखूड असून मॅगझीन नेमके १० काडतुसांचे आहे. मर्यादेने मोठी पिस्तुले कमी आकर्षक केली, तशीच सहज लपविता येणाऱ्या छोट्या पिस्तुलांना चालनाही दिली.

राज्यांतील स्थिती

संघीय कायदा संपल्यानंतर हा विषय राज्यांकडे गेला. कॅलिफोर्निया, न्यू यॉर्क, मॅसॅच्युसेट्स, कनेक्टिकट, मेरीलँड, हवाई, वॉशिंग्टन आणि ऱ्होड आयलंड या राज्यांनी पिस्तुलाच्या मॅगझीनसाठी १० ची मर्यादा घातली. न्यू जर्सीने पूर्वीची १५ ची मर्यादा २०१८ मध्ये १० वर आणली. कोलोरॅडो, व्हरमाँट आणि इलिनॉय येथे पिस्तुलांसाठी १५, तर डेलावेअरमध्ये १७ ही मर्यादा ठरविण्यात आली. न्यू यॉर्कने २०१३ च्या कायद्यात मॅगझीनमध्ये सातच काडतुसे भरण्याची अट घातली होती. ती न्यायालयाने रद्द ठरविली आणि १० ची मर्यादा कायम राहिली.

कायद्यांचा तपशील सर्वत्र सारखा नाही. मेरीलँड व वॉशिंग्टन येथे मुख्य बंधन खरेदी-विक्रीवर आहे, तर न्यू जर्सीत मोठे मॅगझीन जवळ बाळगणे हाच गुन्हा ठरतो. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात अशी मर्यादा नाही. त्यामुळे तेथील परवानाधारकाचे १५ काडतुसांचे मॅगझीन डेलावेअर नदीचा पूल ओलांडताच बेकायदेशीर होते. शिवाय न्यू जर्सी इतर राज्यांचे परवानेही मान्य करीत नाही.

निवडीवरील परिणाम

मर्यादा नसलेल्या राज्यात खरेदीदाराला आकार आणि क्षमता यांत तडजोड करावी लागते. ग्लॉक १९ या मध्यम पिस्तुलात १५ काडतुसे मावतात. त्यासाठी १८ सेंमीहून अधिक लांबीचे व जाड मुठीचे शस्त्र दिवसभर अंगावर वागवावे लागते. मर्यादा असलेल्या राज्यात त्याच पिस्तुलाबरोबर आतून अडथळा घातलेले १० काडतुसांचे मॅगझीन मिळते. आकार तोच राहतो, क्षमता मात्र एक-तृतीयांशाने घटते.

२०१८ मध्ये आलेल्या सिग सॉअर पी३६५ या पिस्तुलाने हे गणित बदलले. त्याच्या मॅगझीनमध्ये काडतुसे खालच्या भागात दोन रांगांत आणि वर निमुळती होत एका रांगेत येतात. त्यामुळे सुमारे अडीच सेंमी जाडीच्या व अर्धा किलोग्रॅम वजनाच्या पिस्तुलात १० काडतुसे बसतात. त्यापूर्वी एवढ्या आकाराच्या पिस्तुलांत ६ ते ८ काडतुसे असत. २०१५ च्या ग्लॉक ४३ मध्ये ती ६ होती. २०१९ मध्ये आलेली ग्लॉक ४३एक्स आणि ग्लॉक ४८ ही चपटी पिस्तुलेही १० काडतुसांचीच आहेत.

तरीही सर्वांत लहान पिस्तूल सर्वांत योग्य असतेच असे नाही. हलक्या शस्त्राचा धक्का हाताला अधिक जाणवतो, आखूड मुठीवर करंगळीला जागा उरत नाही आणि आखूड नळीमुळे पुढील व मागील नेमबिंदूंतील अंतर कमी होऊन नेम साधणे कठीण जाते. म्हणून काही जण मर्यादेतही मध्यम आकाराचेच पिस्तूल पसंत करतात. क्षमता समान असल्यास मोठ्या कॅलिबरची पिस्तुलेही स्पर्धेत येतात. सात किंवा आठ मोठी काडतुसे घेणारे .४५ कॅलिबरचे एकेरी रांगेचे पिस्तूल १५ च्या तुलनेत फार मागे वाटते, १० च्या तुलनेत तितके नाही. अतिरिक्त मॅगझीन बाळगण्याचे महत्त्वही वाढते, कारण कायदा एका मॅगझीनची क्षमता ठरवितो, मॅगझीनची संख्या नव्हे.

कॅलिफोर्नियात आणखी एक अट आहे. परवानाधारक विक्रेत्यांना सामान्य नागरिकांना राज्याच्या मान्यताप्राप्त सूचीतीलच नवी पिस्तुले विकता येतात. तेथे क्षमतेआधी उपलब्धतेचा प्रश्न उभा राहतो.

मतभेद

समर्थकांच्या मते मॅगझीन बदलताना पडणारा खंड जीव वाचवू शकतो. ८ जानेवारी २०११ रोजी ॲरिझोनातील टूसॉन येथे हल्लेखोराने ग्लॉक १९ ला ३३ काडतुसांचे मॅगझीन लावून गोळीबार केला; त्यात सहा जण ठार झाले. ते मॅगझीन संपल्यावर दुसरे भरताना उपस्थितांनी त्याला पकडले. स्वसंरक्षणाच्या प्रसंगी सरासरी दोन-तीन गोळ्याच झाडल्या जातात, असे विश्लेषणही राज्यांनी न्यायालयांत मांडले आहे.

विरोधकांचे म्हणणे असे की, सरासरीवरून अपवादात्मक प्रसंगाची गरज ठरविता येत नाही. एकाहून अधिक हल्लेखोर असल्यास कायदा पाळणाराच अडचणीत येतो. २००७ च्या व्हर्जिनिया टेक हत्याकांडात १० व १५ काडतुसांची मॅगझीन वापरली गेली व ३२ जणांचा बळी गेला, याकडेही ते लक्ष वेधतात.

न्यायालयीन स्थिती

२३ जून २०२२ रोजी ब्रुएन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने परवान्यासाठी विशेष कारण मागणारा न्यू यॉर्कचा नियम रद्द केला. कॅलिफोर्निया, न्यू जर्सी, मेरीलँड, मॅसॅच्युसेट्स व हवाई येथील तशाच अटीही त्यामुळे टिकल्या नाहीत. ही सर्व राज्ये १० ची मर्यादा असलेलीच होत. पूर्वी जेथे सामान्य नागरिकाला परवाना मिळणेच दुरापास्त होते, तेथे मर्यादेतील पिस्तूल कोणते, हा प्रश्न यानंतर अनेकांपुढे आला.

मर्यादांना मात्र संघीय अपील न्यायालयांनी सहसा मान्यता दिली आहे. मार्च २०२५ मध्ये डंकन विरुद्ध बोंटा खटल्यात नवव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने कॅलिफोर्नियाचा कायदा ७ विरुद्ध ४ मतांनी वैध ठरविला. जून २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ऱ्होड आयलंडच्या कायद्याविरुद्धचे प्रकरण ऐकण्यास नकार दिला. तीन न्यायाधीशांनी ते ऐकावे असे मत नोंदविले.