परमिट रूममधलं कॉकटेल

बारच्या पाटीवर ‘परमिट रूम’ असं का लिहिलेलं असतं, हा प्रश्न इतकी वर्षं इतिहास शिकवताना मी वर्गात कधी काढला नाही. काढला असता तर दुसऱ्या दिवशी पालक शाळेत आले असते. आता निवृत्त आहे, तेव्हा हरकत नाही.

गोष्ट अशी की महाराष्ट्रात आजही दारूबंदी आहे. हसू नका. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा रद्द झालेलाच नाही. २०१२ साली त्याच्या नावातल्या ‘मुंबई’च्या जागी ‘महाराष्ट्र’ आलं, इतकंच. त्या कायद्यात बंदी हा नियम आणि परवाना हा अपवाद. परवाना कशासाठी? तर आरोग्य राखण्यासाठी! एका दिवसाचा विदेशी मद्याचा परवाना पाच रुपयांत मिळतो. म्हणजे बारमध्ये बसलेला प्रत्येक जण कायद्याच्या लेखी औषध घेत असतो. आणि या औषधातून सरकारला वर्षाला वीस हजार कोटींहून जास्त महसूल मिळतो.

मुंबईत हा कायदा मोरारजी देसाई गृहमंत्री असताना झाला. बलसारा नावाच्या गृहस्थांनी त्याला आव्हान दिलं. १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने औषधं आणि प्रसाधनांतल्या अल्कोहोलवरची बंदी उडवली, पण कायद्याचा गाभा कायम ठेवला. आम्ही वऱ्हाडी तेव्हा मध्य प्रदेशात होतो. आमच्याकडे मध्यप्रांत-वऱ्हाडचा १९३८ चा वेगळा कायदा होता. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला आणि १९५९ साली मुंबईचा कायदा आमच्यापर्यंत पोचला. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होतो, जुन्या शहरात, मोर्णेच्या या काठाला.

हे सगळं आठवलं ते मागच्या हिवाळ्यात. एका शाळासोबत्याची पंच्याहत्तरी होती. त्याच्या पुण्याच्या नातवाने आम्हा सात-आठ म्हाताऱ्यांना पुलापलीकडच्या एका हॉटेलच्या बारमध्ये नेलं. म्हणाला, ‘आजोबा, आज कॉकटेल.’ कॉकटेल हा शब्द अमेरिकेतला; १८०६ च्या तिथल्या एका वर्तमानपत्रात त्याची व्याख्या छापलेली आहे: मद्य, साखर, पाणी आणि कडू अर्क. त्याच्याही आधी इंग्रजांनी इथून ‘पंच’ नेलं, पाच जिनसांचं म्हणून पंच, असं बरेच कोश सांगतात. आमच्या टेबलावर जे आलं ते रम आणि कोला, वर लिंबाची चकती. सोबत चकणा: खारे शेंगदाणे, मसाला पापड, उकडलेली अंडी, कांदा-टमाटा घातलेले हरभरे. खाण्याचं बिल इतकं कमी आलं की नातवाने ते दोनदा वाचलं. चकणा मात्र उत्तम होता.

मी लिंबू-सोडा घेतला. माझ्या शेजारी दुसरा एक सोबती, त्यानेही सोडाच. मी वेटरला विचारलं, परमिट लागतं का हो? तो गोंधळला. सोबती म्हणाला, ‘काहून इचारतं बाप्पा त्याले? त्याले काय मालूम.’

त्याला मात्र मालूम होतं. १९६२ च्या सुमारास त्याचे वडील जिनात हमाली करत. दिवसभर रुईचे गठ्ठे वाहून संध्याकाळी नदीकाठी हातभट्टीची घेत. एकदा पोलिसांनी धरलं. दंड भरायला घरातली पितळी भांडी गहाण पडली, नोकरी गेली. त्याच वेळी आमच्या शाळेच्या वाटेवर एक वकीलसाहेब राहत. त्यांच्याकडे डॉक्टरचा दाखला होता, परवाना होता, महिन्याचे ठरलेले युनिट होते. व्हरांड्यात बसून ते उजेडात पीत. कायदा दोघांनाही एकच. दारूबंदी फसली असं आपण सहज म्हणतो. माझ्या मते ती निम्म्या लोकांवर लागूच झाली नव्हती.

पुढे वसंतराव नाईक मुख्यमंत्री झाले, पुसदचे, म्हणजे आपल्याच वऱ्हाडातले. त्यांच्या कारकिर्दीत बंदी टप्प्याटप्प्याने सैल झाली, परवाने सोपे झाले, १९७३ च्या नियमांनी देशीची दुकानं मार्गी लागली. हमालालाही कायदेशीर बाटली मिळू लागली. पण सोबत्याच्या आईला ते कधी सुख वाटलं नाही. नवरा आधी पोलिसांच्या भीतीने निदान अर्धीच पीत असे, असं ती म्हणायची. तिच्या या वाक्यावर उत्तर मला आजही सापडलेलं नाही.

२००८ पासून महाराष्ट्रात बायकांना मतदान करून दारूचं दुकान बंद पाडता येतं. त्यासाठी पुरेशा जणींनी ‘आडवी बाटली’ला मत द्यावं लागतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात, एक उभी बाटली, एक आडवी. सोबत्याची आई शाळेत गेलेली नव्हती, पण ही मतपत्रिका तिला वाचता आली असती. ती त्याआधीच गेली.