काचेवरचा श्वास

मी नववीत असताना एकदा मामाबरोबर मालाच्या ट्रकमधून आंबोलीचा घाट उतरलो होतो. श्रावणातला पाऊस, दिवेलागणीची वेळ, आणि पुढच्या फळीवर ड्रायव्हर, क्लीनर, मामा व मी असे चौघे खेटून बसलेले. अर्ध्या घाटात समोरची काच पांढरी झाली. वायपर बाहेरून इमानेइतबारे फिरत होता; पण पाणी बाहेर आणि धुके आत, तिथे तो बिचारा काय करणार! क्लीनरने चंचीतली तंबाखू ओली करून काचेवर चोळली, तेव्हा कुठे वितभर रस्ता दिसू लागला. ड्रायव्हर घाटावरचा माणूस. दरीवरची नजर न काढता तो मामाला म्हणाला, "पाव्हणं, पोराला म्हणावं श्वास जरा बेतानं घे. काच आपल्याच वाफेनं आंधळी झालीया!"

तेव्हा मी हसलो. पुढे जुन्या मोटारींविषयी वाचण्याचा नाद लागला, आणि ध्यानात आले की एका मोठ्या इतिहासाचे मर्म त्या माणसाने एका वाक्यात सांगितले होते.

थंड काचेवर दमट श्वास आदळला की त्यातल्या बाष्पाचे दव होते. आपल्याकडे ते फडक्याने पुसता येते. परंतु जिथे पारा शून्याच्याही खाली जातो, तिथे त्याच दवाची बर्फाळ नक्षी बनते. ती पुसली जात नाही, खरवडावी लागते. आणि खरवडून हात खाली येतो न येतो तोच ती पुन्हा उमटू लागते. जिवंत राहायचे तर श्वास घेतला पाहिजे, आणि श्वास घ्यावा तर वाट दिसेनाशी होते!

यातला विनोद असा की, याच ड्रायव्हरच्या पुढ्यात दोन हातांवर धगधगती चूल असते. जुन्या इंजिनात जळणाऱ्या पेट्रोलची जेमतेम चौथाई शक्ती चाके फिरवण्याच्या कामी येई. बाकीची रेडिएटरमधून आणि धुराच्या नळीतून ऊब होऊन वाऱ्यावर जाई. घरात अन्नपूर्णा नांदावी आणि घरधन्याने उपाशी निजावे, तशातली ही गत.

अगदी पहिल्या ट्रकांना समोर काचही नव्हती. ड्रायव्हर जाडजूड कोट घालून उघड्यावर बसे. पुढे बंद केबिन आली. वारा अडला, पण श्वासही आत कोंडला. मग उपाय निघू लागले. फोर्डच्या 'मॉडेल ए' मोटारीसाठी, म्हणजे 1920 च्या दशकाच्या अखेरीस, एक साधी युक्ती होती. धुराच्या तापलेल्या नळीभोवती पत्र्याचे आवरण घालायचे आणि त्यातून जाणारी गरम हवा पायांपाशी सोडायची. पाय शेकत, पण नळीला चीर गेली तर त्या हवेबरोबर कार्बन मोनॉक्साइडही आत येई. त्याला रंग नाही, वास नाही. माणूस गुंगीत जाई तो जाईच.

1930 च्या दशकात अधिक शहाणा मार्ग रुळला. इंजिनातले गरम पाणी रबरी नळ्यांनी केबिनमधल्या लहानशा पेटीत खेळवायचे आणि मागून पंखा लावायचा. त्याच पेटीची एक शाखा काचेच्या पायथ्याशी नेली, की गरम हवा काचेवरून वर सरके आणि बर्फ विरघळे. हे ज्यांना परवडत नसे ते काचेवर रबरी वाट्यांनी विजेच्या तारांची पट्टी चिकटवीत, छोटा पंखा बसवीत, नाहीतर मिठाची पुरचुंडी चोळीत. आमच्या क्लीनरच्या तंबाखूची ही विलायती भावंडेच म्हणायची!

पण ट्रकच्या बाबतीत हीटर पुष्कळ वर्षे वरखर्चात मोडत असे. मालाला थंडी वाजत नाही, आणि मालक ट्रकमध्ये बसत नाही!

या उणिवेचा कस लागला तो 1941 च्या हिवाळ्यात, रशियातल्या लादोगा सरोवरावर. फोर्डचा 'एए' ट्रक परवान्याने रशियातही बनू लागला होता. गॉर्की शहरातला हा दीड टनी ट्रक म्हणजे 'गाझ-एए'. त्याच्या केबिनमध्ये हीटर नव्हता. लेनिनग्राडला सप्टेंबर 1941 मध्ये वेढा पडला. 20 नोव्हेंबरपासून मुलाबाळांच्या वाट्याला दिवसाला 125 ग्रॅम पाव येऊ लागला. त्या शहराकडे जाणारी वाट एकच, गोठलेल्या सरोवरावरची. 22 नोव्हेंबरला पहिला ट्रकांचा तांडा त्या बर्फावर उतरला.

रेडिएटरवर गोधडीसारखी जाड झूल, अंगावर मिळतील तेवढे कपडे, वर शत्रूची विमाने. आणि तशा गारठ्यात ड्रायव्हर केबिनचे दार उघडे ठेवून गाडी हाकीत. खालचा बर्फ फुटला तर उडी मारायला क्षणाचीही खोटी नको म्हणून! ऊब आणि जीव यांत एकच निवडायचे होते. झोप लागू नये म्हणून काहीजण डोक्यामागे जेवणाचे डबडे टांगीत. मान मागे कलली की ते डोक्यावर आपटे.

त्या वर्षीच्या 31 डिसेंबरला मॅक्सिम त्वेर्दोख्लेब नावाचा ड्रायव्हर मुलांच्या नववर्षाच्या सणासाठी संत्र्यांची खोकी घेऊन निघाला. वाटेत विमानांनी गोळ्या झाडल्या. समोरची काच फुटली. पुसायला काचच उरली नाही! तोंडावर वारा घेत त्याने ट्रक पलीकडे नेला. पोटाला पाव लागतो हे खरे. पण सणाला मुलांच्या हातात एखादे संत्रेही लागते, हे त्याला कोणी शिकवावे लागले नसावे. एप्रिल 1942 पर्यंत त्या बर्फावरून सुमारे 3,61,000 टन माल शहरात पोचला आणि साडेपाच लाखांवर माणसे बाहेर निघाली.

युद्ध संपल्यावर, 1947 मध्ये, शेव्हरलेने बाहेरची ताजी हवा तापवून आत घेणारी केबिन ट्रकसाठी आणली. 'श्वास घेणारी केबिन' अशी तिची जाहिरात होती. हीटर तरीही जादा पैसे मोजूनच मिळे. अमेरिकेत काच साफ राखण्याची सोय कायद्याने सक्तीची झाली ती 1960 च्या दशकाच्या अखेरीस. कायद्याने विचार केला तो नजरेचा. ड्रायव्हरला ऊब मिळाली ती तिच्या आडोशाने.

त्या संध्याकाळी आम्ही सावंतवाडीला पोचलो तेव्हा ड्रायव्हरने पहिल्यांदा मान सैल सोडली आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "आता घे मोकळा श्वास!" आज या अंकाशेजारी तुमच्या ताटात जो फराळ असेल, त्याचा रवा, साखर, तेल असेच कोणाच्या तरी रात्रभराच्या जागरणाने आले आहे. पणती लावताना एक क्षण त्या काचेमागच्या डोळ्यांचीही आठवण ठेवू या.