भोपाळची हानी आणि कार्बाइडचा भाव

२ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री भोपाळमधील युनियन कार्बाइडच्या कीटकनाशक कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू सुटला. ६१० क्रमांकाच्या टाकीत त्याचा सुमारे ४० टन साठा होता. तो गार ठेवणारी शीतयंत्रणा जूनपासूनच बंद होती आणि निसटलेला वायू जाळून टाकणारा मनोरा दुरुस्तीसाठी नळीपासून तोडलेला होता. कंपनीच्या हिशेबात यातला धोका कुठेच उमटला नव्हता. बंद ठेवलेली यंत्रणा तिथे दिसते ती वाचलेला खर्च म्हणून.

हा कारखाना चालवणाऱ्या भारतीय कंपनीचे ५०.९ टक्के भाग अमेरिकेतील मूळ कंपनीकडे होते. भोपाळची बातमी पोहोचताच न्यूयॉर्कच्या बाजारात मूळ कंपनीचा शेअर कोसळला. गुंतवणूकदारांना धास्ती होती ती नुकसानभरपाईची, आणि ती ओसरत गेली तसा भावही सावरला. १९८५ च्या अखेरीस जीएएफ या कंपनीने कार्बाइड ताब्यात घेण्यासाठी बोली लावली, तोवर भाव दुर्घटनेपूर्वीच्या पातळीच्या बराच वर गेला होता. भोपाळमध्ये तेव्हा माणसे अजून मरत होती.

भारत सरकारचा दावा ३३० कोटी डॉलरचा होता. फेब्रुवारी १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे तडजोड झाली ती ४७ कोटी डॉलरवर, आणि शेअर सुमारे दोन डॉलरनी वधारला. कंपनीच्या १९८८ च्या अहवालात प्रतिशेअर कमाई होती ४.८८ डॉलर, तोवरची विक्रमी; तीही भोपाळपोटी ४३ सेंट वजा करून. बहुतेक जखमींच्या वाट्याला आले सुमारे २५ हजार रुपये. बाजाराने हानी कधी मोजलीच नाही. हानीचे बिल कंपनीच्या दारी किती येणार, एवढेच त्याने पाहिले. ते बिल कायद्याने लहान ठेवले, तर बेफिकिरीची झळ भागधारकाला लागत नाही.

उलट उदाहरण बीपी या तेलकंपनीचे. एप्रिल २०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातात तेलविहिरीवर स्फोट होऊन ११ कामगार दगावले, आणि काही आठवड्यांत कंपनीचे बाजारमूल्य जवळपास निम्म्यावर आले. अमेरिकन सरकार दंड वसूल केल्याशिवाय राहणार नाही, हे बाजाराला ठाऊक होते. मात्र स्फोटापर्यंत हीच बीपी चांगल्या गुणांकनाच्या कंपन्या निवडणाऱ्या डाऊ जोन्सच्या शाश्वतता निर्देशांकात होती. चांगल्या गुणांकनातूनही धोका दिसतोच असे नाही.

भारतात दिल्लीतील ओलियम वायुगळतीच्या खटल्यात १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने पूर्ण दायित्वाचे तत्त्व मांडले: धोकादायक उद्योगाला कोणतीही सबब चालणार नाही, आणि भरपाई कंपनीच्या ऐपतीनुसार ठरेल. माहिती उघड करण्याची सक्ती मात्र बरीच उशिरा आली. २०१२ मध्ये शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने १०० मोठ्या कंपन्यांना जबाबदारी अहवाल बंधनकारक केला. २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० कंपन्यांना ऊर्जा, पाणी, कचरा आणि कामगारांचे अपघात यांचे आकडे द्यावे लागतात. शेअर बाजारात नोंदणी नसलेले आणि लहान रासायनिक कारखाने या सक्तीबाहेरच आहेत.